मुरलेला ताप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोडीटोल्यातली पोरं मारबतीचा पुतळा घेऊन निघाली. रोगराईला आणि मच्छरांना शिवेबाहेर हाकलायच्या त्यांच्या आरोळ्या गल्लीतून जात असतानाच इकडे दामिनीच्या मोनाला थंडी वाजून आली. पाच वर्षांची पोरगी. अंगावर दोन गोधड्या, त्यावर आईचं अंग, तरी दात वाजायचे थांबेनात. दुपारी ताप चढला, संध्याकाळी घामाने उशी भिजली, एक दिवस बरा गेला आणि पुन्हा तेच.

बोडीटोला म्हणजे साकोलीहून नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाताना लागणारी लहानशी वस्ती. खाली बोडी, म्हणजे छोटा तलाव, तिच्या पाण्यावर धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल सुरू. दामिनीचा नवरा योगेंद्र इथलाच. मिसरूड फुटायच्या वयात तो पुण्याकडे कारखान्यात गेला आणि तिथलाच झाला. लग्न तिकडे असतानाच झालं, मोनाही तिकडेच जन्मली. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा तो म्हणाला, "आता गावाकडं जाऊ. साकोलीत मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकतो. घर तर आहेच आपलं."

घर होतं. त्यात त्याचा मोठा भाऊ तेजराम आणि वहिनी निर्मलाबाई राहत होते. योगेंद्रच्या वाट्याच्या दोन खोल्यांत निर्मलाबाईच्या धानाच्या कोठ्या होत्या. ही तिघं आली त्या दिवशी तिने त्या कोठ्या एकटीने ओढून सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, काढल्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. दामिनीने ते गप्प राहणं मनात नोंदवून ठेवलं. ती भंडाऱ्याच्या विणकर घरातली. कापडात दोष दिसला की तो कुठल्या धाग्यापासून सुरू झाला ते मागे मागे शोधत जायची सवय तिला बापाने लावली होती, आणि ती सवय माणसांच्या बाबतीतही कधी सुटली नव्हती.

मोना गोळ्यांनी सावरते न सावरते तोच योगेंद्र पडला. दामिनी मच्छरदाणी लावायची तेव्हा तो हसायचा. "मले मच्छर काय करन? या बोडीच्या काठावर उघडा नाचलो मी." तो उघडा नाचलेला माणूस पाचव्या दिवशी बरळायला लागला. बायकोला ओळखेना, कारखान्यातल्या कुणा साहेबाशी भांडत होता. तेजरामने गाडी केली आणि त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. "फॅल्सिपेरम मलेरिया आहे, मेंदूपर्यंत गेलाय. आणखी उशीर केला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं," डॉक्टर म्हणाले. आठवडाभराने योगेंद्र घरी आला तेव्हा त्याची पँट कमरेवर ठरत नव्हती.

त्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर बसून दामिनीने एकाच गोष्टीचा विचार केला. मच्छर काय माणूस पाहून चावतो? अंगण एक, विहीर एक, सपरी एक. तेजराम रात्री धानाच्या राखणीला बांधीवर उघड्यावर झोपतो. निर्मलाबाई दिवेलागणीला बोडीवर भांडी घासते, तेव्हा मच्छरांचे थवेच्या थवे तिच्या डोक्याभोवती घोंगावत असतात. त्या दोघांना साधं डोकंही दुखत नाही. परक्या गावी जन्मलेल्या मोनाला ताप आला ते समजू शकत होतं. दामिनी स्वतः वाचली ते तिने नशिबावर टाकलं. पण योगेंद्र? तो तर तेजरामच्याच पाठचा, इथल्याच मातीतला. त्याला आला आणि भावाला नाही, ते का?

एकच फरक तिला दिसत होता. तेजराम आणि निर्मलाबाईच्या ताटात पडायचं ते तिने स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी वाढलेलं. आणि या तिघांच्या ताटात काय पडायचं ते एकट्या निर्मलाबाईला ठाऊक.

मग तिला सगळंच वेगळं दिसायला लागलं. निर्मलाबाई सगळ्यांना वाढून मागाहून एकटी जेवायची. मोनाला ताप आला की घरामागच्या सांदवाडीतून काहीतरी उपटून आणायची, त्याचा काळपट काढा करायची आणि पोरीचं नाक दाबून पाजायची. काय उपटलं ते विचारलं तर म्हणायची, "पाला आहे, आणखी काय." एकदा काढ्यात पदराच्या गाठीतून काहीतरी टाकताना दामिनीने तिला पाहिलं. निर्मलाबाईनेही तिला पाहताना पाहिलं आणि पाठ फिरवली.

यात शेजारच्या केशरबाईने तेल ओतलं. हातपंपावर पाण्याचा गुंड भरताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुह्या जावेचे दोन लेकरं गेले ना व, तापानं. तवापासून तिच्या आंगाले ताप शिवत नाही. दुसऱ्याच्याच आंगात घुसते थो. आमी काही म्हणत नाही बापा, पण पाहून राहिलो ना इतके वर्षं."

असल्या गोष्टींवर दामिनीचा विश्वास नव्हता. पण घरात जागा परत द्यावी लागली म्हणून कुणी कुणाच्या पोटात काही घालू शकतं, यावर होता.

तिने आपल्या खोलीत वेगळी चूल मांडली. निर्मलाबाईने भाताचं गंज आणून उंबऱ्यावर ठेवलं, ते तिथेच राहिलं. रात्री योगेंद्र खाटेवरून चिडला.

"वहिनीनं मले खांद्यावर घेऊन वाढवलं. तू तिच्या हातचं नाही खात?"

"तुम्ही खाल्लं ना," दामिनी म्हणाली. "मग पाहा स्वतःकडे."

योगेंद्र भिंतीकडे तोंड करून झोपला.

दिवाळीच्या आधी धान कापणीला आला असताना मोनाला दुसऱ्यांदा ताप आला. आता तर ती वेगळ्या चुलीचं खात होती. दुसऱ्या कुणी यातून काही वेगळं ओळखलं असतं. दामिनीने एवढंच ओळखलं की आपली नजर चुकवून काढा अजून पाजला जातोय. तिने मोनाला खोदून खोदून विचारलं. पोरीने घाबरून होकाराची मान हलवली. निर्मलाबाई शेतात गेल्यावर दामिनीने चुलीमागचा उरलेला काढा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि बूच घट्ट लावलं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात नागपूरहून एक पथक टोल्यावर आलं. मलेरियावर काही अभ्यास चालू होता. गावातल्या समाजमंदिरात टेबल मांडून ते लोक घरटी सगळ्यांचं रक्त घेत होते, बोटातलं थोडं आणि दंडातलं एक नळीभर. टोल्यात लगेच कुजबुज सुरू झाली. आजाऱ्याचं रक्त घेतलं तर समजतं, चांगल्या धडधाकट माणसाचं कशाला? विकत असतील. काही घरांनी तर दारंच लावून घेतली.

पथकाची प्रमुख डॉक्टर रेणू, तिशीतली, उन्हाने रापलेली. दामिनीने मोनाला पुढे केलं आणि मग पिशवीतून बाटली काढली.

"हे तपासून द्या."

रेणूने बूच काढून वास घेतला. "भुईनिंब दिसतोय. कडू असतो फार."

"त्यात आणखी काही असेल तर?"

"काय असेल असं वाटतं तुम्हाला?"

दामिनी इकडेतिकडे पाहत म्हणाली, "तेच तर विचारून राहिली मी."

रेणूने बूच लावून बाटली परत केली. "हे तपासायची सोय माझ्याकडे नाही. माझ्याकडे रक्त तपासायची सोय आहे. घरातली सगळी माणसं आली का?"

तेव्हा दामिनीच्या डोक्यात एक विचार आला आणि तिथेच रुतून बसला. निर्मलाबाई चोरून कसलीतरी गोळी खात असणार. स्वतः वाचते, नवऱ्याला वाचवते आणि आम्हाला देत नाही. गोळी खात असेल तर रक्तात सापडेलच. ती तडक बांधीवर गेली. हातात विळा असलेल्या निर्मलाबाईला म्हणाली, "बाई, रक्त द्यायला चला. सगळ्यांना बोलावलं."

"मले काय झालं व?"

"काही झालं नाही म्हणूनच चला."

निर्मलाबाईने विळा खाली ठेवला. एवढ्या दिवसांत जाऊ आपणहून बोलायला आली याचंच तिला बरं वाटलं असावं. तेजरामलाही तिने बरोबर घेतलं.

रेणू आठ-दहा दिवसांनी परतली, ती घरोघर जाऊन निकाल सांगत. तेजरामच्या रक्तात काही नव्हतं. या घरच्या सपरीत बसून तिने निर्मलाबाईला एकटीला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण निर्मलाबाईच म्हणाली, "सांगा ना सगळ्यायसमोर. मी का चोरी केली?"

"मावशी, तुमच्या रक्तात मलेरियाचे जंतू आहेत. थोडेच आहेत, पण आहेत."

निर्मलाबाई हसली. "मले तर ताप नाही."

"तेच तर. तुमचं माहेर कुठलं?"

"तिकडं कोरचीच्या जंगलातलं."

"लहानपणी ताप यायचा?"

"दरसाल. आमी सात भावंडं होतो, तिघं गेले."

रेणू सांगायला लागली. ज्याला लहानपणापासून हा ताप पुन्हा पुन्हा येतो आणि जो त्यातून जगतो, त्याचं रक्त जंतूला ओळखायला शिकतं. अँटीबॉडी तयार होतात. जंतू पूर्ण मरत नाही, पण त्या त्याला वाढूही देत नाहीत. माणूस हिंडतो-फिरतो, शेती करतो, त्याला पत्ताही नसतो.

"मग हे?" दामिनीने योगेंद्रकडे बोट केलं. "हे पण इथलेच ना?"

"किती वर्षं बाहेर होते? तिथे तो जंतू भेटलाच नाही, तर शरीर ती ओळख हळूहळू विसरतं. परत आले तेव्हा त्यांचं रक्त तुमच्या मुलीसारखंच नवखं झालं होतं."

सगळं एकाला एक नीट जुळत होतं. फारच नीट, म्हणून दामिनीला ते पटेना. आणि त्यातलाच एक धागा तिने पकडला. "म्हणजे हिच्या रक्तातलं मच्छरानं उचललं आणि माझ्या पोरीत घातलं?"

रेणूला उत्तर द्यायला वेळ लागला. "कोणाकडून कोणाकडे गेलं ते सांगता येत नाही. गावात असे आणखी लोक आहेत. म्हणून तर अशा सगळ्यांना औषध द्यायचं."

दामिनीने त्यातलं फक्त वेळ लागणं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर तिने केशरबाईला सांगितलं. सांगताना तिला हायसं वाटलं, इतके दिवस जे छातीत दाबून धरलं होतं त्याला डॉक्टरनेच साक्ष दिली होती. "तिच्याच आंगात निघालं," एवढंच ती बोलली. संध्याकाळपर्यंत ते टोलाभर झालं. अँटीबॉडी वाटेतच गळून पडली, उरलं ते एवढंच की तेजरामच्या बायकोच्या रक्तात ताप पाळलेला आहे. धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, बायका एकमेकींकडे मदतीला जात. निर्मलाबाईला कुणी बोलावलं नाही. ती आपणहून एका खळ्यावर गेली, तर तिथल्या बाईने लेकराला उचलून घरात नेलं आणि दार ओढून घेतलं.

ती परत आली ती पायऱ्यांवर बसूनच राहिली. अंधार पडला तरी तिने दिवा लावला नाही. आपल्या खोलीच्या खिडकीतून दामिनी तिला पाहत होती. दोन महिने तिच्यावर नजर ठेवून होती, पण ही बाई अशी बसलेली तिने कधी पाहिली नव्हती.

गावची आशा कार्यकर्ती रुखमा गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. निर्मलाबाईने हात पुढे केला नाही.

"मले ताप नाही. मी कायले गोळ्या खाऊ?"

तेजरामने समजावलं, योगेंद्रने विनवलं. शेवटी दामिनी पुढे झाली. "घ्या ना बाई. तीनच दिवस तर आहेत."

निर्मलाबाईने तिच्याकडे वळून पाहिलं. "तू देऊन राहिली, म्हणून तर नाही घेत."

दामिनी मागे सरली, तरी निर्मलाबाई बोलतच राहिली.

"माह्या हाताचा भात तू उंबऱ्यावर नासू दिला. माहा काढा शिशीत भरून डॉक्टरनीले नेऊन दिला, मोनानं सांगितलं मले. पदरातून काय टाकत होती पाह्यचं होतं ना तुले? गूळ होता व. कडू घोट पोरीच्या घशाखाली उतरावा म्हणून. तुह्यासमोर टाकला असता त म्हटली असती, तापात गोड काहून देता." तिने दामिनीच्या खोलीकडे बोट केलं. "माहे दोन लेकरं याच खोलीत गेले. आज तू झोपते तिथं. मोठा मोनाएवढाच होता. तवा ना रुखमा होती, ना गोळ्या. तुमाले वाटते, हिले काही होत नाही. मले व्हायचं थे सगळं होऊन गेलं."

 रुखमा हळूच म्हणाली, "केशरकाकूलेही हेच पाकीट देऊन आली मी. कोणाले सांगू नोका."

दामिनीने मान वर केली. केशरबाई! जिने एका दिवसात ती गोष्ट टोलाभर केली होती तिच्याही रक्तात तेच. क्षणभर तिला वाटलं, आत्ता जाऊन हातपंपावर हेही सांगावं. मग तिच्या लक्षात आलं की असं एका घरावरून दुसऱ्या घरावर बोट फिरत राहिलं तर ते कुठेच थांबणार नाही. आणि ते पहिल्यांदा उचललं होतं तिनेच.

पण निर्मलाबाईच्या नकारामागे नुसता राग नव्हता. रुखमा जायला निघाली तेव्हा ती म्हणाली, "मले एक सांगा. डॉक्टरीन म्हणते, हा आंगातला मुरलेला ताप आहे म्हणूनच माहं रक्त त्याले ओळखते. गोळी खाऊन त्याले मारला, आणि मंग योगेंद्रावानी मीही विसरली त? पुढच्या साली मलेही असाच पाडन का नाही?"

 दामिनीने रेणूला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि निर्मलाबाईचा प्रश्न तिला सांगितला. वर तिने बजावलं, "खरं सांगा. खोटं सांगून गोळ्या देऊ नका."

रेणू म्हणाली, "खरं सांगायचं तर, मावशींचा प्रश्न बरोबर आहे. ही ताकद लगेच जात नाही, वर्षं लागतात. पण थोडी कमी होणारच नाही, अशी खात्री मी देणार नाही. पुढे ताप आलाच तर लगेच तपासणी, लगेच औषध. एवढंच मी सांगू शकते. आणि घरात लहान मूल आहे."

फोन बंद झाला. मोना दारात उभी होती, दोन तापांनी गळा बारीक झालेली. निर्मलाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग रुखमाला म्हणाली, "आण थे पाकीट. पाणी मीच घेईन माह्या हातानं."

दामिनी पाणी द्यायला उठली होती. ती परत बसली.

तीन दिवस निर्मलाबाईने गोळ्या घेतल्या. मळमळली, एक दिवस काहीच खाल्लं नाही. दामिनीने आपली वेगळी चूल मोडली नाही, कारण ती लगेच मोडली असती तर तेही निर्मलाबाईला खोटं वाटलं असतं. पण चौथ्या दिवशी सकाळी ती तिच्या चुलीपाशी ताट घेऊन बसली आणि म्हणाली, "वाढा." निर्मलाबाईने वाढलं.  हातपंपावर दामिनी आपणहून बोलली. केशरबाईचं नाव न घेता तिने सगळ्या बायकांना सांगितलं की असं रक्त टोल्यात बऱ्याच जणांचं आहे, डॉक्टरला विचारा, आणि माझ्या जावेला बोल लावायचा असेल तर आधी मला लावा, कारण मीच तोंड सैल सोडलं. काहींनी ऐकलं. केशरबाई गुंड अर्धाच भरून निघून गेली. निर्मलाबाईला खळ्यावर बोलावणं आलं ते चुरणा संपता संपता, आणि तेही सगळ्या घरांतून नाही.

पुढच्या वर्षी फवारणी झाली, मच्छरदाण्या वाटल्या. पावसाळा सरला, मोनाला एकदाही ताप आला नाही. कापणीच्या दिवसांत एका दुपारी निर्मलाबाई बांधीवरून लवकर परतली आणि सपरीत गोधडी ओढून बसली. दामिनीने तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

"आला ना," निर्मलाबाई दात वाजवत म्हणाली. "वीस-पंचवीस वर्षांत नव्हता आला. तुह्या गोळ्यायनं आला."

"चला बाई, साकोलीला."

"तुले पाह्यजेत होतं हेच."

दामिनीने योगेंद्रच्या गाडीवर निर्मलाबाईला मध्ये बसवलं, मागून तिला धरून बसली. दवाखान्यात पट्टीवर तपासलं, मलेरियाच निघाला, पण फार जोराचा नव्हता. रक्त सगळंच विसरलं नव्हतं, असं दामिनीला वाटलं. गोळ्यांमुळे आला की नुसता असाच आला, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते कबूल केलं.

दोन दिवसांत निर्मलाबाई उठून बसली. दामिनीने तिला पेज करून दिली. निर्मलाबाईने वाटी हातात घेतली, नाकाशी नेली, वास घेतला.

"काय टाकलं व यात?"

"मीठ."

"आणखी?"

"काही नाही, बाई."

निर्मलाबाईने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा वाटीकडे. मग अर्धी पेज प्यायली आणि उरलेली परत दिली. "आता तू पी," ती म्हणाली. दामिनीने तिच्यासमोरच ती संपवली.